जास्त खेळला म्हणून वरचा?

हौशी खेळाडूंच्या संघटनेत भांडण लावायला पैशांचा हिशेब काढावा लागत नाही. क्रमवारीची यादी भिंतीवर चिकटवली की पुरते. परभणीसारख्या जिल्ह्यात बुद्धिबळ हौसेनेच खेळले जाते. पण यादीत वर कोण आणि खाली कोण, हा प्रश्न हौसेवर भागत नाही. निवड चाचणीतून मोजकेच खेळाडू राज्य स्पर्धेला जातात आणि शाळकरी खेळाडूंच्या पालकांचा एक डोळा दहावी-बारावीच्या क्रीडागुणांवर असतो. त्यामुळे यादी कशी काढायची यावर प्रत्येकाचे मत असते, आणि बहुतेक मते आपापल्या सोयीची असतात.

त्यातले सर्वांत लोकप्रिय मत बेरजेचे. प्रत्येक स्पर्धेतल्या क्रमांकाला ठरावीक गुण द्या, वर्षअखेर बेरीज करा, विषय संपला. सोपे आहे, आणि म्हणूनच फसवे आहे. जिल्ह्यात नऊ तालुके. स्पर्धा भरतात बहुधा परभणी शहरात, रविवारी. सेलू, पूर्णा, गंगाखेडला रेल्वे तरी आहे. जिंतूर, पाथरी, पालमला तीही नाही. पालमची मुलगी वर्षात दोन स्पर्धा खेळून दोन्ही जिंकते आणि शहरातला खेळाडू दहा स्पर्धांत सातवा-आठवा येत राहतो, तेव्हा बेरजेत तो तिच्या पुढे निघू शकतो. ही यादी खेळ मोजत नाही, हजेरी मोजते. टेनिससारख्या श्रीमंत खेळालाही हा दोष चुकलेला नाही. कॅरोलिन वॉझ्नियाकीने 2010 आणि 2011 ही दोन्ही वर्षे जगात पहिल्या क्रमांकावर संपवली, तेव्हा तिच्या नावावर एकही ग्रँड स्लॅम विजेतेपद नव्हते. ते आले 2018 मध्ये.

बेरीजवाल्यांचे एक म्हणणे मात्र खरे आहे: जो येतो, खेळतो, त्याचे कौतुक व्हायला हवे. मग त्यासाठी वेगळा करंडक ठेवावा. त्याचा भार क्रमवारीवर कशाला?

दुसरा पक्ष म्हणतो, जिल्हा अजिंक्यपद कशासाठी असते? तोच निकाल म्हणजे क्रमवारी. पण पाच-सात फेऱ्यांच्या स्विस स्पर्धेत चौथ्या आणि पाचव्या खेळाडूचे गुण अनेकदा सारखे असतात. मग बुकोल्झ काढतात, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज. आपल्यासमोर कोण बसणार हे खेळाडू ठरवत नाही, आणि प्रतिस्पर्धी बसून गेल्यावर पुढच्या फेऱ्यांत किती हरला यावर तर खेळाडूचा काडीचा ताबा नसतो. एका दिवसाच्या पराक्रमाला पदक द्यावे, मान द्यावा. वर्षभराचे स्थान देऊ नये. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै 2025 मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला. पंधरावे मानांकन असताना तिने अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला हरवले आणि ग्रँडमास्टर किताबही तिथेच मिळवला. तरी रेटिंगच्या यादीत ती एकदम पहिली झाली नाही, आणि त्याला अन्याय म्हणावे असे कुणाला वाटले नाही. विजेतेपद आणि क्रमवारी हे दोन वेगळे मान आहेत, हे बुद्धिबळाला केव्हाच उमगले आहे.

तिसरा पक्ष जुन्या जाणत्यांचा. "आम्हाला बघितल्यावर कळतं." जत्रेतल्या कुस्तीच्या फडावर जोड लावणारे पंच असेच नजरेने ठरवतात, हे खरे. पण ती जोड भर मैदानात लागते. विजोड दिसली की प्रेक्षक तिथेच ओरडतात. समितीच्या बंद खोलीत ओरडणार कोण?

राहिला चौथा उपाय: फिडेचे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचे, आंतरराष्ट्रीय रेटिंग घ्या आणि मोकळे व्हा. पण मार्च 2024 पासून त्या यादीची खालची मर्यादा 1000 वरून 1400 झाली आहे. जिल्ह्यातल्या नवशिक्या मुलांपैकी आणि रविवारी दुकान बंद ठेवून खेळायला येणाऱ्यांपैकी बरेचसे त्या उंबरठ्याच्या अलीकडचे. क्रमवारीची खरी गरज त्यांनाच.

मग जिल्ह्याने स्वतःची यादी करावी, पण तत्त्व फिडेचेच घ्यावे. अर्पाद एलो हे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. त्यांची पद्धत अमेरिकन संघटनेने 1960 मध्ये आणि फिडेने 1970 मध्ये स्वीकारली. तिचा गाभा एवढाच: किती डाव जिंकलात याच्या जोडीला कुणाविरुद्ध जिंकलात हे पाहायचे. समजा जिंतूरचा 1300 चा मुलगा परभणीच्या 1500 च्या खेळाडूशी खेळला. दोनशेच्या फरकात त्याच्याकडून अपेक्षा साधारण 0.24 गुणाची. गुणक 40 धरला तर जिंकल्यावर त्याला सुमारे 30 गुण मिळतात, हरल्यावर 10 जातात. बरोबरी झाली तरी दहाएक गुण मिळतात. वर्षात दोनच स्पर्धा खेळला म्हणून कुणी त्याच्या पुढे सरकत नाही. मुले झपाट्याने सुधारतात, म्हणून त्यांचा गुणक मोठा आणि मुरलेल्यांचा लहान ठेवायचा; फिडेही तेच करते.

यावर हमखास येणारी हरकत: हे गणित गावात कुणाला कळणार? डकवर्थ-लुईसचे गणित तरी कुणाला कळते? 1997 पासून पावसाने अडलेले सामने त्यावर निकालात निघतात. चावडीवर त्याला शिव्याही बसतात, पण नियम आधीच जाहीर असल्यामुळे सामना मोडत नाही. शिवाय एलोंनी सुरुवातीच्या याद्या स्वतः हिशेब करून काढल्या होत्या. आज कुणाच्याही फोनमधली एक्सेल शीट ते काम करते.

खरी अडचण वेगळी आहे आणि एलोच्या समर्थकांनी ती झाकू नये. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या तुरुंगात क्लॉड ब्लडगुड नावाचा कैदी सहकैद्यांशीच खेळत राहिला आणि 1996 मध्ये त्याचे रेटिंग 2702 वर, देशात दुसऱ्या क्रमांकावर पोचले. बंद कोंडाळ्यात गुण आपसातच फिरतात आणि फुगतात. परभणीची यादी परभणीकरांपुरती ठेवली तर तेच होईल. हिंगोली 1 मे 1999 पर्यंत याच जिल्ह्यात होती; तिथल्या आणि नांदेडच्या खेळाडूंशी झालेले डाव यादीत धरले पाहिजेत, आणि ज्यांचे फिडे रेटिंग आहे त्यांच्या आकड्याशी जिल्ह्याचा आकडा वर्षातून एकदा पडताळला पाहिजे.

दुसरी अडचण गुण सांभाळून घरी बसणाऱ्यांची. चीनची हौ यीफान फारशी खेळत नाही, तरी महिलांच्या यादीत वर्षानुवर्षे पहिली आहे. मार्क ग्लिकमन यांनी 1995 मध्ये मांडलेल्या ग्लिको पद्धतीत यावर उतारा आहे: खेळाडू जितका काळ पटापासून दूर, तितका त्याच्या आकड्यावरचा भरवसा कमी. जिल्ह्याला एवढेही सूक्ष्म नको. वर्षभरात ठरावीक डाव झाले नाहीत तर नाव वेगळ्या, निष्क्रिय यादीत जावे, आकडा तसाच राहावा, आणि परतल्यावर पहिल्या काही डावांना मोठा गुणक लागावा. डावांची ही किमान संख्या हंगाम सुरू होण्याआधी, नऊही तालुक्यांचे प्रतिनिधी हजर असताना ठरवावी, आणि निदान दोन स्पर्धा शहराबाहेर भराव्यात. नाहीतर पालमची मुलगी या वेळी निष्क्रिय ठरेल.