पडीक कुणाला म्हणता?

वाऱ्याला जात नसते म्हणतात. नसेल. पण वारा कुठं धरायचा हे ठरवणाऱ्या नकाशाला आहे.

साताऱ्याकडचं चाळकेवाडी, वनकुसवड्याचं पठार, सांगलीकडचं ढालगाव. तिथल्या पवनचक्क्या तुम्ही एसटीतनं पाहिल्या असतील. आता नवी जागा शोधायला आधी डोंगर चढत नाहीत. कॉम्प्युटरवर जीआयएस लावतात. वाऱ्याचा वेग एक थर, चढउतार दुसरा, रस्ता तिसरा, विजेची लाईन चौथा, वस्तीपासूनचं अंतर पाचवा. थरावर थर रचायचे. सगळं जुळलं की जागा पक्की.

मी गोदीत माल उचलतो. खोक्यावर शिक्का एक, आत माल दुसरा, हे मला नवीन नाही. या नकाशावरचा शिक्का आहे 'पडीक'.

2015 साली राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेनं 100 मीटर उंचीवरच्या वाऱ्याचा देशाचा हिशेब मांडला : 302 गिगावॅट. त्यात वाऱ्याच्या पडीक जमिनीपैकी 80 टक्के मिळेल असं धरलं. लागवडीची 30 टक्के, जंगलाची 5. म्हणजे पडीक म्हटलं की जमीन गेल्यातच जमा.

उपग्रहाला उघडा माळ दिसतो. त्याच माळावर आमची म्हातारी शेळ्या राखते, पाऊस पडला तर मटकी पेरते, ते दिसत नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. गायरान ना ते! मोजणीवाला विचारतो, "मावशी, कागद कुठाय?" अरे, कागद असता तर तिचा पोरगा मुंबईत पाठ मोडायला आला असता का?

कागद सरकारकडं आहे. दादासाहेब गायकवाडांच्या मागं 1959 ला आणि 1964 ला भूमिहीन तुरुंगात गेले, ते याच जमिनीसाठी. 1991 साली सरकारनं लिहून दिलं, 14 एप्रिल 1990 पर्यंतची दलित भूमिहीनांची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करू. तो कागद नकाशाच्या कितव्या थरात आहे, सांगा!

पवनचक्की नको, असं मी म्हणत नाही. वीज आमच्या झोपडीलाही पाहिजे. पण कसणाऱ्याचा थर सगळ्यात आधी टाका.

आणि ते टाकतील म्हणून वाट बघू नका. तुमच्या खिशातल्या मोबाईलला जीपीएस आहे. गावी जाल तेव्हा आपल्या कसत्या तुकड्याच्या चारी कोपऱ्यांवर उभे राहा. आकडे टिपा. ग्रामसभेत मांडा, ठरावात घ्यायला लावा.

त्यांचा नकाशा छापून यायच्या आत आपला तयार पाहिजे.