मानेच्या ऑपरेशनला रजेचा हिशेब लावू नका

दिवाळीपासून जानेवारीपर्यंत नागपुरात परदेशस्थ मुला-लेकींची वर्दळ असते. त्यांच्यातल्या काहींच्या बॅगेत आता मानेच्या एमआरआयची सीडीही असते. तिकडे सर्जनची तारीख लांबची मिळते, नाहीतर विमा असूनही पदरचा खर्च मोठा येतो. इकडे धंतोली-रामदासपेठेत मणक्याचे सर्जन आहेत आणि घरी आई आहे. मग तीन आठवड्यांच्या रजेत ऑपरेशन ‘उरकून’ परत जायचं ठरतं. आपल्या गावी येऊन उपचार घेण्यात गैर काहीच नाही. गैर आहे तो तीन आठवड्यांचा हिशेब.

मुळात ऑपरेशन लागतं का, हे आधी विचारा. मानेतली गादी सरकून नस दबली की दंडापासून बोटांपर्यंत कळ जाते, मुंग्या येतात. बहुतेकांचा हा त्रास औषधं आणि फिजिओथेरपीने ६ ते १२ आठवड्यांत बराच कमी होतो. पण हातातली ताकद कमी होत असेल, शर्टाची बटणं लावता येत नसतील, चालताना तोल जात असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर दाब मज्जारज्जूवर असू शकतो. अशा वेळी दिवाळीची वाट पाहू नका. असाल त्या देशात तातडीने डॉक्टर गाठा.

बहुतेकदा हे ऑपरेशन मानेच्या पुढून होतं. १९५० च्या दशकात रूढ झालेली ही पद्धत आजही जगभर वापरली जाते. त्वचेच्या घडीत छोटा छेद घेऊन श्वासनलिका आणि अन्ननलिका हळूच बाजूला करतात, खराब गादी काढतात आणि त्या जागी केज, म्हणजे दोन मणक्यांमध्ये बसणारा छोटा आधार, बसवतात. वरून बहुधा टायटॅनियमची पट्टीही लावतात. काही जणांना हलणारी कृत्रिम गादीही चालते. ते वय, हाडं आणि एमआरआय पाहून ठरतं. पेशंट सहसा दुसऱ्या दिवशी चालतो आणि दोन-तीन दिवसांत घरी येतो.

घरच्यांचा गैरसमज होतो तो इथेच. हातातली कळ पुष्कळदा लगेच थांबते, म्हणून माणूस बरा झाला असं वाटतं. बधिरपणा आणि गेलेली ताकद मात्र महिन्यांच्या गतीने परततात, कधी पूर्ण परततही नाहीत. पहिले काही दिवस घास अडकतो, आवाज बसतो. माझी भाची टोरंटोहून येऊन हे ऑपरेशन करून गेली. तिला पहिल्या आठवड्यात पातळ खिचडी आणि वरण-भातच गिळता येत होता, आणि फोनवरच्या मीटिंगा तिला पुढे ढकलाव्या लागल्या. हा त्रास बहुधा आपोआप ओसरतो. मात्र गळ्याला सूज येऊन श्वास अडकू लागला, तर क्षणही न घालवता हॉस्पिटल गाठायचं.

पुढचे सहा आठवडे रोज चालायचं, पण जड उचलायचं नाही आणि दुचाकी चालवायची नाही. मानेचा पट्टा किती दिवस, हे सर्जन सांगेल; आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत तो गळ्यात ठेवणं जिवावर येतं, म्हणून हिवाळा बरा. केजच्या जागी दोन मणक्यांचं हाड जुळायला तीन ते सहा महिने, कधी त्याहून जास्त लागतात. निकोटीन हे जुळणं रोखतं. त्यामुळे जुन्या मित्रांच्या घोळक्यात हातावर आलेला खर्रा आणि सिगारेट, दोन्ही ऑपरेशनच्या आधीपासूनच बंद हवीत.

आता परतीचा प्रवास. लांबच्या विमानप्रवासाची परवानगी सर्जनकडूनच घ्या, आणि ती मिळेपर्यंत बदलता येईल असंच तिकीट काढा. २३ किलोची बॅग सामानाच्या पट्ट्यावरून उचलायला माणूस हवा. विमानतळावर व्हीलचेअर मागण्यात कमीपणा नाही. विमानात अधूनमधून उठून चाला, पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका त्याने कमी होतो. डिस्चार्ज समरी, ऑपरेशनची टिपणी, बसवलेल्या केज-पट्टीचा तपशील आणि आधी-नंतरचे एक्स-रे सोबत न्या. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सहा आठवड्यांचा, तीन महिन्यांचा एक्स-रे तिकडे कोण पाहणार, हे इथे येण्याआधीच ठरवा. दुसऱ्याने केलेल्या ऑपरेशनची जबाबदारी घ्यायला तिकडचा डॉक्टर तयार असेलच असं नाही. तिकडचा विमा इथल्या ठरवून केलेल्या ऑपरेशनचा खर्च देतो का, तेही लेखी विचारा.

अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने पात्र नोकरदाराला गंभीर आजारपणात वर्षाकाठी १२ आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते. इतर देशांतही आजारपणाच्या सवलती असतात. त्या मागून घ्या. आणि नागपुरातल्या आईवडिलांनो, मुलगा ‘मी ठीक आहे’ म्हणत बॅग भरू लागला, तर त्याला थांबवा. शेवटची तपासणी होऊन सर्जनने हो म्हटल्याशिवाय त्याला विमानात बसू देऊ नका.