पोकर कौशल्याचा खेळ आहे, म्हणूनच राजीनामा देऊ नको

‘नोकरी सोडून पोकर खेळणार’ असं भंडाऱ्यातल्या कुठल्याही घरात सांगून बघ. उत्तर ठरलेलं आहे: पोट्टा जुगारी झाला. हे उत्तर चुकीचं आहे आणि त्यातच खरी अडचण आहे. आपल्याकडे पोळ्याला तीनपत्तीचे डाव बसतात, झुंजीच्या कोंबड्यांवर पैसे लागतात, आणि तीच माणसं दुसऱ्या दिवशी पोकरवर प्रवचन देतात. अशांशी वाद घालणं सोपं असतं. पोरगा यूट्यूबवर शिकलेले पॉट ऑड्स, पोझिशन, रेंज असे चार शब्द टाकतो, काका गप्प होतात, आणि पोराला वाटतं राजीनाम्याचाही प्रश्न सुटला.

तो सुटलेला नसतो. पोकरमध्ये कौशल्य आहे हे मला पूर्ण मान्य आहे. माझा आक्षेप तिथूनच सुरू होतो.

निव्वळ नशिबाच्या खेळात तू आणि जगातला सर्वांत हुशार माणूस सारखेच असता. कौशल्याच्या खेळात तसं नसतं. पोकरच्या टेबलावर पैसा पिकत नाही, तो एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो, आणि जाताना घरमालक आपला रेक कापून घेतो. म्हणजे तुझा महिन्याचा पगार टेबलावरच्या कच्च्या खेळाडूंच्या खिशातून यायचा आहे, तोही रेक भरून उरला तर. तू कच्चा आहेस की पक्का, हे ठरवणार कोण? तुझी वही?

त्या वहीचं थोडं गणित करू. समज, तू खरोखर चांगला आहेस आणि दर 100 डावांमागे सरासरी 5 बिग ब्लाइंड कमावतोस. ही कमाई उत्तम म्हणायची. पण याच 100 डावांतला चढउतार साधारण 90 बिग ब्लाइंडचा असतो. हिशेब केला तर 10,000 डावांनंतरही तू तोट्यात असण्याची शक्यता सुमारे 29 टक्के निघते. आता उलटं बघ. दर 100 डावांना 2 बिग ब्लाइंड हरणारा, म्हणजे मुळात कच्चा खेळाडू, 10,000 डावांनंतर नफ्यात दिसण्याची शक्यता सुमारे 41 टक्के आहे. दहातले चार कच्चे गडी आपली वही उघडून ‘बघा, मला जमतंय’ म्हणू शकतात, आणि वही खोटी नसते. प्रत्यक्ष टेबलावर तासाला 25-30 डाव होतात. रोज आठ तास बसलास तरी 10,000 डावांना दीड महिना लागेल, आणि एवढं करून कळणार काहीच नाही.

‘पण मनीमेकर?’ हा प्रश्न येणारच. ख्रिस मनीमेकर, अमेरिकेतला अकाउंटंट, किरकोळ फीच्या ऑनलाइन स्पर्धेतून 2003 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये शिरला आणि 25 लाख डॉलर घेऊन निघाला. (आडनावही काय, पैसा करणारा!) त्याचं नाव ऐकून जगभर लाखो लोक टेबलावर आले, आणि पुढची कित्येक वर्षं जाणकारांची घरं या लोकांच्या पैशावर चालली. आता आपल्याकडचं उदाहरण घे. बंगळुरूच्या संतोष सुवर्णा यांनी 2024 मध्ये लास वेगासला अडीच लाख डॉलर प्रवेश फीची स्पर्धा जिंकून 54 लाख डॉलर मिळवले. ते उद्योजक आहेत. त्यांना तिथे बसवलं धंद्यातल्या पैशाने, राजीनाम्याने नव्हे.

आता कायद्याकडे ये, कारण इथे कौशल्याचा दावा सरळ कोसळतो. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं. पोकरवाले पन्नास वर्षं त्याच छत्रीखाली उभे राहू पाहत होते. 2017 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने पोकरला ती छत्री नाकारली. मग ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने दोन दिवसांत ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला, 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली, आणि पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा प्रश्नच त्याने निकालात काढला. दोन्ही बंद. पोकरबाझीसारख्या कंपन्यांनी पैशांचे टेबल उचलले. ज्यांनी तोवर नोकरी सोडली होती, त्यांचं कौशल्य एका रात्रीत गेलं नाही. गेलं ते कामाचं ठिकाण.

हा कायदा न्याय्य आहे असं मी म्हणत नाही. जे राज्य 1969 पासून स्वतः लॉटरी विकतं, त्याच्या देशात बुद्धीच्या खेळावर बंदी यावी हा विनोदच आहे. पण विनोदावर घरभाडं भरता येत नाही. आता उरलं काय? परदेशी साइट, जिथे पैसे अडकले तर दाद मागायला जागा नाही. किंवा गोव्यात मांडवीवरचे कॅसिनो, म्हणजे पणजीत खोली, जेवण, प्रवास. वर करही आहे. पत्त्यांच्या खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आणि उपकर, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा होत नाही. वर्षात 10 लाख जिंकलास आणि 8 लाख हरलास, तर हातात 2 लाख आणि कर 3 लाखांच्या वर. किराणा दुकानदाराला असा हिशेब लावला असता तर मोर्चे निघाले असते.

‘आणि धानाची शेती काय जुगार नाही?’ हाही बिनतोड वाटणारा प्रश्न. पाऊस, तुडतुडा, हमीभाव, बोनस जाहीर होईल की नाही. वैनगंगेच्या दोन्ही काठांवर दरसाल डाव लागतो, खरंच. पण धान पिकतं. ते तुमसरच्या गिरणीत जातं, कुणाच्या तरी ताटात पडतं. शेजारी हरला म्हणून तुझं पीक आलं, असं होत नाही.

नोकरी सुरक्षित असते असंही मी सांगणार नाही. 24 जानेवारी 2025 ला जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, कामावर गेलेली माणसं घरी परतली नाहीत. ठेक्यावरचा कामगार कधी सुटेल याचा नेम नाही. तरी मोजून बघ: जवाहरनगर, वरठीचा सनफ्लॅग, गडेगावचा अशोक लेलँड, चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी, जिल्हा परिषद, पोलीस भरती. यादी इथेच जवळपास संपते. पुण्यातला पोरगा सहा महिने पोकर खेळून दुसऱ्या कंपनीत लागतो. तुझी जागा रिकामी झाली तर त्याच संध्याकाळी भरलेली असेल, आणि तुझ्या पगाराच्या स्लिपवर भावाचं शैक्षणिक कर्ज किंवा घराचा हप्ता उभा आहे. हे कळत असूनही तुला जो व्हिडिओ बघून राजीनामा सुचला, त्यातल्या माणसाला पैसे पोकरमधून मिळतात की तो व्हिडिओ बघणाऱ्यांकडून, हे एकदा तपास.

काकांनाही एक विनंती. पोराला जुगारी म्हणू नका, तो चिडून जास्त खेळेल. त्याला विचारा, आजवर एकूण किती डाव खेळलास आणि किती रेक भरलास. पहिला आकडा लाखाच्या आत असेल किंवा दुसरा त्याला ठाऊकच नसेल, तर पुढचं बोलणं पगार जमा झाल्यावर करा.