उसनें गुरुपद

विकसनशील राष्ट्रांनीं लोकसंख्या व प्रजननस्वास्थ्य या विषयांत परस्परांस साह्य करावें, ही कल्पना आज नवी राहिलेली नाहीं. १९९४ सालीं कैरो येथील आंतरराष्ट्रीय परिषदेंत बांगलादेश, इंडोनेशिया, केनिया, मेक्सिको, ट्युनिशिया वगैरे दहा देशांनीं याच हेतूनें एक संघ स्थापन केला. त्याचें कार्यालय ढाक्याला आहे, आणि भारतहि मागाहून त्याचा सभासद झाला. श्रीमंतांच्या दारीं हात पसरण्यापेक्षां सारख्याच अडचणींतून गेलेल्या शेजाऱ्यास विचारावें, हें कोणीहि शहाणा मान्य करील. आमचा आक्षेप निराळा आहे. या मंडळींत आमच्याकडील वक्ते विचारणाऱ्याच्या पाटावर बसतच नाहींत. त्यांना सांगणाऱ्याची गादी हवी असते. १९५२ सालीं सरकारी कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम जगांत आम्हीं सर्वांआधीं हातीं घेतला, आणि आतां आमचा जननदर दर स्त्रीमागें दोनवर आला, हा पाढा म्हटला कीं त्यांचें भाषण संपतें.

दर खालीं आला हें खरें. परंतु तो कोणाच्या देहावरून आला? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें विवाहित जोडप्यांपैकीं शेंकडा ३७.९ जोडप्यांत स्त्रीची नसबंदी झालेली आहे, आणि शेंकडा ०.३ जोडप्यांत पुरुषाची! आमच्या नेसरीसारख्या गांवांत सून दोन लेकरांची आई झाली कीं तिच्या शस्त्रक्रियेचा दिवस ठरतो. मुलाचें नांव त्या बोलण्यांत निघतहि नाहीं. येथल्या खिंडींत प्रतापरावांसह सात वीर मृत्यूवर चालून गेले ते निदान एकत्र गेले. या रणांत आमची स्त्री एकटीच पाठविली जाते.

असें कां झालें? १९७६-७७ या एका वर्षांत देशांत ८० लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत पुरुषच बहुसंख्य होते, आणि कित्येकांवर उघड जबरदस्ती झाली. तीन अपत्यांनंतर सक्तीची नसबंदी करणारें विधेयक तर आमच्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळानें १९७६ मध्यें संमत केलें होतें. राष्ट्रपतींची संमति मिळाली नाहीं म्हणून तें कायदा झालें नाहीं, एवढेंच आमचें पुण्य. पुढें निवडणुकींत हा रोष सत्ताधाऱ्यांना भोंवला. तेव्हां सक्ती वाईट, हा धडा राज्यकर्त्यांनीं घ्यावयास हवा होता. त्यांनीं घेतला तो एवढाच, कीं पुरुषाच्या वाटेस जाऊं नये. २०१४ च्या नोव्हेंबरांत बिलासपूरजवळच्या एका शिबिरांत कांहीं तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकण्यांत आल्या, आणि त्यांतील १० हून अधिक प्राणांस मुकल्या. अशीं शिबिरें बंद करा, असें सर्वोच्च न्यायालयास २०१६ सालीं सांगावें लागलें.

आतां शेजाऱ्याकडे पहा. बांगलादेशांत १९७५ च्या सुमारास दर स्त्रीमागें सहांहून अधिक अपत्यें होत. पुढें तें प्रमाण सव्वादोनच्या आसपास आलें. तेथें मुख्य साधन आहे गोळी, आणि ती पोंचविली गांवोगांव दारोदार फिरणाऱ्या कार्यकर्त्या स्त्रियांनीं. तें राज्य निष्कलंक आहे असें नव्हे. नसबंदीसाठीं साडी आणि पैसे वाटण्याचा काळ तेथेंहि होऊन गेला, आणि भार तेथेंहि स्त्रीवरच अधिक आहे. तथापि आज नको, दोन वर्षांनीं हवें, असें म्हणण्याची सोय त्या स्त्रीच्या हातीं राहिली.

कोणी म्हणेल, आमच्या स्त्रियांना शस्त्रक्रियाच आवडते. ताटांत एकच पदार्थ वाढावयाचा आणि मग आवड विचारावयाची, हा न्याय चमत्कारिक खरा! इंडोनेशियांत सर्वांत प्रचलित असलेलें इंजेक्शन आमच्या सरकारी दवाखान्यांत येण्यास २०१७ साल उजाडावें लागलें. त्याविरुद्ध आमच्या स्त्रीसंघटनांनीं घेतलेले आक्षेप पोकळ नव्हते. सुई टोंचल्यावर त्या बाईची विचारपूस कोण करणार, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. पण त्याच प्रश्नाचा अनुभव ज्यांच्या गांठीं आहे, त्यांना आम्ही विचारीत कां नाहीं?

आमच्याजवळ देण्यासारखें कांहींच नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये. लंडनांत मेरी स्टोप्स बाईंनीं आपलें केंद्र उघडलें त्याच १९२१ सालीं रघुनाथ धोंडो कर्व्यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें कार्य आरंभिलें, आणि त्यापायीं प्राध्यापकाच्या नोकरीस मुकल्यावरहि १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविलें. स्त्रीची स्वतःच्या देहावर सत्ता असावी, हें त्यांचें मुख्य म्हणणें होतें. गडचिरोलींत डॉ. राणी बंग यांनीं दोन गांवांतील स्त्रियांना तपासून १९८९ सालीं प्रसिद्ध केलें कीं शेंकडा ९२ जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग आहे, आणि पूर्वीं तपासणी झालेल्या अवघ्या शेंकडा ८. त्या अभ्यासाचा दाखला जगभर दिला गेला. ज्या देहावर शस्त्र चालवावयाचें त्याचें दुखणें प्रथम कोणीं तरी ऐकलें पाहिजे, हें महाराष्ट्रानें इतरांस दाखविलें तें असें.

म्हणून पुढील परिषदेस जाणाऱ्या मंडळास आमची सूचना आहे. आपल्या पेटींत जननदराच्या आंकड्यांसोबत १९७६ चें तें विधेयक आणि बिलासपूरच्या चौकशीचे कागद न्यावेत, आणि ते आफ्रिकेंतील नव्या राष्ट्रांपुढें आपल्या हातांनीं उघडावेत. परततांना ढाक्याहून एखादी अनुभवी कार्यकर्ती चार महिन्यांसाठीं मागून आणावी. गडहिंग्लज-चंदगडच्या आशा कार्यकर्त्या तिच्याबरोबर दारोदार फिरतील, आणि त्या वेळीं घरांतला पुरुषहि ओसरीवर बसवून ठेवावा.