फवारणीचा वहीत न येणारा खर्च

सोलापूर जिल्ह्यातील सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या अवर्षणप्रवण तालुक्यांना डाळिंबाने जी आर्थिक उभारी दिली, तिचा लौकिक देशभर झाला आहे. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ साली सोलापुरातच स्थापन झाले. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही लाभले. या पिकाचा हिशेब मांडताना खते, मजुरी, ठिबक संच व औषधे यांवरील खर्च बागाईतदार काटेकोरपणे लिहून ठेवतो. एक बाब मात्र त्याच्या वहीत येत नाही. फवारणीतून जिवंत राहिलेल्या, परंतु कामातून गेलेल्या उपकारक कीटकांमुळे होणारे नुकसान ही ती बाब होय.

कीटकनाशकाची तीव्रता मोजण्याची रूढ कसोटी मृत्यूची आहे. किती मात्रेने निम्मे कीटक मरतात, हे पाहून औषधाचा विषारीपणा ठरविला जातो. शत्रुकिडीच्या बाबतीत ही कसोटी पुरेशी असेल; मित्रकिडीच्या बाबतीत ती अपुरी ठरते. मधमाशीचा शेतकऱ्याला होणारा उपयोग ती केवळ जिवंत असण्यात नाही. फूल हुडकणे, त्याची वाट ध्यानात ठेवणे, पोळ्याकडे परतणे आणि तेथे विशिष्ट नृत्याच्या द्वारे इतर माश्यांना दिशा सांगणे, या वर्तनात तो आहे. या नृत्यभाषेचा उलगडा करणारे कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. निओनिकोटिनॉइड वर्गातील औषधे नेमका कीटकाच्या मज्जासंस्थेवर आघात करतात. थायामेथोक्झामची अल्प, तत्काळ न मारणारी मात्रा दिलेल्या माश्यांपैकी पुष्कळशा पोळ्याकडे परतूच शकल्या नाहीत, असे फ्रान्समधील एका प्रयोगात आढळून आले. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. अशी माशी बागेत मेलेली दिसत नाही. म्हणून नुकसान झाले असे कोणाला वाटतही नाही.

हीच गोष्ट परोपजीवी गांधीलमाश्यांची. उसावरील खोडकिडीसाठी ज्याची कार्डे शेतात लावतात, तो ट्रायकोग्रामा किडीची अंडी हुडकून त्यांत आपली अंडी घालतो. असे परोपजीवी कीटक भक्ष्याचा माग बव्हंशी गंधावरून काढतात. औषधाच्या अंशाने ही गंधशक्ती किंवा हालचाल मंदावली, तर कीटक जिवंत असूनही किडीला मोकळे रान मिळते. मग पुन्हा फवारणी करावी लागते आणि खर्चाचे चक्र सुरू होते.

डाळिंबाला या प्रश्नाची धार अधिक आहे. फुलकिड्यांचा उपद्रव नेमका कळ्याफुलांच्या काळात वाढतो, आणि त्याच काळात मधमाश्या परागीभवनासाठी बागेत येतात. डाळिंबाचा प्रत्येक दाणा एकेका बीजांडाच्या फलनातून तयार होतो. परागीभवन तोकडे पडले की फळधारणा घटते आणि फळाचे वजनही घटते. युरोपला जाणाऱ्या फळात औषधाचा अंश किती, याची प्रयोगशाळेत कसून तपासणी होते. फुलावर आलेल्या माशीचे काय झाले, हा त्या तपासणीचा विषय नसतो.

निसर्गाच्या या फुकट मजुरीचे मोल महाराष्ट्राने एकदा अनुभवले आहे. २००२ साली सांगली जिल्ह्यात उसावर पांढरा लोकरी मावा प्रथम दिसला आणि बघता बघता राज्याच्या ऊसपट्ट्यात पसरला. प्रारंभी भर रासायनिक फवारणीवर होता. पण उंच, दाट उसात औषध पोहोचविणे दुरापास्त ठरले. पुढे डिफा व मायक्रोमस या भक्षक कीटकांची जोपासना करून ते शेतोशेती सोडण्यात आले, आणि मावा आटोक्यात येण्यात त्यांचा वाटा मोठा होता. हा धडा उसापुरताच राहावा, हे योग्य नव्हे.

मग शेतकरी हे का करीत नाही? त्याला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे आहे. अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी १९५२ साली सफरचंदाची बाग आणि मधमाश्या यांचे उदाहरण देऊन दाखविले होते की, एकाच्या उत्पादनाचा लाभ शेजाऱ्याला मिळतो व त्याची किंमत बाजारात चुकविली जात नाही. हानीचेही तसेच. मधमाशी बांध मानीत नाही. एकाने फुलोऱ्यात फवारणी टाळली आणि शेजाऱ्याने केली, तर संयमाचा खर्च पहिल्याचा आणि तोटा दोघांचा. शिवाय बहर हातचा गेला तर कर्जाचा हप्ता थकतो. अशा वेळी सल्ला देणारा अनेकदा औषध विकणारा दुकानदारच असतो. अशा परिस्थितीत एकट्याकडून शहाणपणाची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

१९६८ च्या कीटकनाशक कायद्याचा हेतू माणसे व प्राणी यांना होणारा धोका टाळणे हा आहे. १९८५ पासून एकात्मिक कीडनियंत्रण हे केंद्र सरकारचे घोषित धोरण आहे. युरोपीय संघाने थायामेथोक्झाम, इमिडाक्लोप्रिड व क्लोथियानिडिन यांच्या उघड्या शेतातील वापरास २०१८ साली बंदी घातली. भारतात ही औषधे वापरात आहेत. युरोपचे अनुकरण करून उद्याच सरसकट बंदी घालावी, असे म्हणणे व्यवहार्य नाही, कारण फुलकिडे व मावा यांचा उपद्रव खराच आहे. तथापि, नोंदणीच्या वेळी मृत्यूबरोबर वर्तनावरील परिणामांचीही कसोटी लावणे, तो इशारा वेष्टनावर ठळक मराठीत छापणे, फुलोऱ्याच्या दिवसांत गावाने मिळून फवारणीचे वेळापत्रक ठरविणे, आणि किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यावाचून पंप न उचलणे, एवढे तरी शक्य आहे. यांतील पहिल्या दोन गोष्टी सरकारच्या हातात आहेत, उरलेल्या दोन गावाच्या.

ज्या सेवेचे बिल येत नाही, तिची किंमत शून्य आहे असे मानणे ही हिशेबातील जुनी चूक आहे. डाळिंबाच्या बागेत ती दर बहराला होत असते, आणि तिची वसुली पुढच्या बहरात होते.