औषधाच्या खिडकीवर पात्र माणूस हवा : एक निवेदन

प्रति,
मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

मार्फत : मा. तहसीलदार

विषय : ग्रामीण भागातील औषध दुकाने व प्राथमिक आरोग्य केंद्रांतील औषध वितरणाचा दर्जा सुधारण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे तालुक्यातील मधुमेह, रक्तदाब, दमा अशा कायमच्या दुखण्यांचे रुग्ण, त्यांचे नातेवाईक, आशा कार्यकर्त्या आणि काही निवृत्त औषध निर्माण अधिकारी आहोत. डॉक्टर नाहीत, खाटा नाहीत, रुग्णवाहिका उशिरा येते, या तक्रारी आपल्याकडे नेहमी येतात. आमचे गाऱ्हाणे त्याच्या पुढचे आहे. डॉक्टरांनी तपासले, चिठ्ठी लिहिली. ती चिठ्ठी वाचून औषध हातात देणारा माणूस कोण, हे मात्र कोणी विचारत नाही.

इन्सुलिनचेच पाहा. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटची असते आणि तिला लाल टोपणाची सिरिंज लागते. १०० युनिटच्या औषधासाठी केशरी टोपणाची सिरिंज वेगळी. तालुक्यातल्या एका मेडिकलमध्ये लाल सिरिंजा संपल्या होत्या, म्हणून काउंटरवरच्या मुलाने एका आजींना केशरी दिल्या. आजींनी नेहमीसारखे २० च्या रेघेपर्यंत औषध भरले; अंगात गेले ८ युनिट. साखर चढत गेली, तेव्हा डॉक्टरांनी डोस वाढवला. पुढच्या खेपेला लाल सिरिंज मिळाली आणि वाढवलेला डोस पुरताच्या पुरता अंगात गेला. पहाटे आजी घामाने चिंब होऊन बेशुद्ध पडल्या. वेळेत दवाखान्यात नेले म्हणून वाचल्या. ही चूक नुकतीच डी. फार्म. झालेली मुलगीही तिथल्या तिथे पकडू शकली असती. पण दुकानात ती नव्हती, भिंतीवर तिचे प्रमाणपत्र होते.

प्रमाणपत्र भाड्याने देण्या-घेण्याचा हा व्यवहार गावोगाव सगळ्यांना ठाऊक आहे. महिन्याला ठरलेली रक्कम द्यायची, कागद भिंतीला टांगायचा आणि दुकान पोऱ्याच्या हवाली करायचे. वास्तविक औषधव्यवसाय अधिनियम, १९४८ च्या कलम ४२ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज कोणालाही देता येत नाही. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ यांनी तर आणखी पुढे जाऊन फार्मासिस्टने रुग्णाशी काय बोलायचे तेही ठरवून दिले आहे : औषध कशासाठी, किती, किती दिवस, कुठे ठेवायचे, डोस चुकला तर काय करायचे, कोणता त्रास झाला तर थांबायचे. आम्हा सह्या करणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे सगळे आजवर एकाही दुकानात कोणी सांगितलेले नाही. पाकिटावर पेनाने मारलेल्या एक-दोन रेघा, एवढेच आमचे समुपदेशन.

२०१२ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाने फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानांविरुद्ध मोहीम उघडली होती. विक्रेत्यांच्या संघटनांनी त्यावर बंदही पुकारले. त्या दिवसांत आमच्याकडच्या काही दुकानांत पांढरा कोट घातलेला माणूस दिसू लागला होता. मोहीम ओसरली आणि कोटही गेला. तपासणी सणासारखी येऊन गेली तर शिस्त टिकत नाही, हा त्यातून आम्ही काढलेला निष्कर्ष आहे.

दुकानदारांची बाजूही आम्ही ऐकली आहे आणि ती सगळीच खोटी नाही. लहान गावात दिवसाचा गल्ला तुटपुंजा, त्यात पूर्ण वेळ फार्मासिस्टचा पगार परवडत नाही, ऑनलाइन सवलतींशी स्पर्धा वेगळीच. पण राज्यात डी. फार्म., बी. फार्म. झालेल्या मुलामुलींची वाण नाही. ती कमी पगारावर दुसरीच कामे करत आहेत आणि त्यांचे कागद इकडे भाड्याने लटकले आहेत. याला मनुष्यबळाचा तुटवडा म्हणता येणार नाही.

दुसरा मुद्दा नोंदीचा. गरीब माणूस दहा गोळ्यांचे पाकीट घेत नाही, तीन-चार गोळ्या घेतो. त्याला तसे घेऊ द्यायलाच हवे. मात्र कात्रीने पाकीट कापताना मुदतीची तारीख आणि बॅच क्रमांक एका टोकाला राहतो, आणि ते टोक सहसा दुकानातच उरते. बिल मागितले तर "चार गोळ्यांचं कसलं बिल?" असा उलट प्रश्न येतो. त्यामुळे घरात जपून ठेवलेली गोळी मुदतबाह्य आहे की नाही, हे खुद्द दुकानदारालाही सांगता येणार नाही.

या नोंदीचे मोल महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध प्रशासनाच्या कारभाराची चिरफाड केली. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होते. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने लहान मुले दगावली, त्यांतल्या काहींवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार झाले; विष तेच होते. तेव्हा आपल्या प्रशासनानेही संबंधित बॅच वापरू नये, असे आवाहन केले. आवाहन योग्यच होते. पण ज्या दुकानाने बिल दिलेले नाही, ते दुकान बाटली कोणाच्या घरी गेली हे कसे सांगणार? अशा वेळी सारी भिस्त आईबापांनी वर्तमानपत्र वाचले असेल, यावरच राहते.

प्रतिजैविके आणि स्टेरॉइडची मलमे यांविषयी थोडक्यात : अनुसूची एच-१ मधील औषधांची स्वतंत्र नोंदवही १ मार्च २०१४ पासून बंधनकारक आहे, आणि २०१८ पासून स्टेरॉइडची १४ मलमे चिठ्ठीवरच द्यायची आहेत. तरीही नायट्याला "ती नेहमीची ट्यूब" अजून सर्रास मिळते, आणि नायटा आधी विझल्यासारखा दिसून नंतर अंगभर पसरतो.

आता सरकारी खिडकी. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत झाले, याबद्दल आम्ही शासनाचे मनापासून आभारी आहोत. पण औषध निर्माण अधिकाऱ्याचे पद रिक्त असले किंवा ते रजेवर असले की गोळ्या कधी परिचर देतात, कधी शिपाई. कागदाच्या पुडीत दोन प्रकारच्या पांढऱ्या गोळ्या एकत्र येतात. रक्तदाबाची कोणती आणि साखरेची कोणती, हे घरी गेल्यावर नातवंडालाही ओळखता येत नाही. शिवाय गोळ्या मिळतात पाच-सात दिवसांच्या. मोफत गोळीसाठी दर आठवड्याला मजुरी बुडवून एसटीने यायचे, तर ती मोफत उरत नाही. माणूस दोन खेपांनंतर गोळीच सोडतो. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात आपल्याच राज्यातील सातारा, भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत एका खेपेला महिनाभराच्या गोळ्या देण्यावर भर होता. तिथे जे करता येते, ते इथे का नाही, याचे उत्तर आम्हाला मिळालेले नाही.

वरील परिस्थितीत आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

१. प्रत्येक औषध दुकानात हजर असलेल्या फार्मासिस्टचे नाव, छायाचित्र आणि नोंदणी क्रमांक दर्शनी भागात मराठीत लावावा. हजेरीची तपासणी वर्षभर, पूर्वसूचना न देता व्हावी आणि तपासणीचा निकाल तहसील कार्यालयाच्या फलकावर दरमहा प्रसिद्ध व्हावा. प्रमाणपत्र भाड्याने देणाऱ्यावर आणि घेणाऱ्यावर सारखीच कारवाई व्हावी. आजवर दुकानदारच सापडतो, कागद देणारा सुटतो. औषध निरीक्षकांची रिक्त पदे भरल्याखेरीज हे होणार नाही, याची आम्हाला जाणीव आहे. म्हणून ती पदे भरणे हीही याच मागणीचा भाग समजावा.

२. सुट्या गोळ्या देताना औषधाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत लिहिलेले पाकीट व बिल दिलेच पाहिजे, मग गोळ्या चार असोत की चाळीस.

३. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील औषध निर्माण अधिकाऱ्यांची रिक्त पदे प्राधान्याने भरावीत. रजेच्या काळात शेजारच्या केंद्रातून पात्र व्यक्तीची बदली व्यवस्था असावी. अपात्र कर्मचाऱ्याने औषध देणे तत्काळ थांबवावे.

४. रक्तदाब, मधुमेह आणि दम्याच्या स्थिर रुग्णांना एका वेळी ३० दिवसांचे औषध मिळावे. प्रत्येक औषध वेगळ्या पाकिटात असावे आणि त्यावर सूर्य-चंद्राच्या चित्रांनी वेळ दाखवावी. आमच्यातले बरेच जण वाचू शकत नाहीत, पण चित्र सगळ्यांना कळते.

५. इन्सुलिन, इन्हेलर आणि आठवड्यातून एकदाच घ्यायची औषधे पहिल्यांदा देताना ती कशी घ्यायची, हे फार्मासिस्टने करून दाखवावे आणि तशी नोंद करावी.

यांतील बहुतेक मागण्यांसाठी नवा कायदा लागत नाही. आहे तो कायदा पाळून घेणे, एवढेच आम्ही मागत आहोत. या निवेदनावर काय कारवाई झाली, ते तहसील कार्यालयामार्फत ३० दिवसांत लेखी कळवावे आणि तालुक्यातील रुग्ण, औषध विक्रेते व औषध निरीक्षक यांची एकत्रित बैठक बोलवावी, ही विनंती. विक्रेत्यांनाही त्या बैठकीचे निमंत्रण असावे, असा आमचा आग्रह आहे.

आपले विनीत,
तालुक्यातील रुग्ण, नातेवाईक व नागरिक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
मा. जिल्हाधिकारी, मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, मा. सहायक आयुक्त (औषधे), अन्न व औषध प्रशासन.