नातवंडाची सायकल पायाच्या मापाने घ्यावी

शाळेचा गणवेश घेताना आपण तो थोडा मोठा घेतो, खालची पट्टी दुमडून शिवतो आणि पुढच्या वर्षी उसवतो. वाढत्या मुलासाठी ही काटकसर योग्यच आहे. सायकलीच्या बाबतीत मात्र हाच हिशेब अंगाशी येतो. 'दोन-तीन वर्षे पुरेल' म्हणून घेतलेल्या मोठ्या सायकलीवर बसल्यावर मुलाचे पाय जमिनीला टेकत नाहीत, बोटे ब्रेकपर्यंत नीट पोहोचत नाहीत आणि एकाएकी थांबायची वेळ आली की तोल जातो. दोनदा पडल्यावर मूल सायकल जिन्याखाली ठेवून देते आणि भीती मनात घर करते. म्हणून आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या नातवंडाला सायकल भेट देण्याचे मनात असेल, तर दुकानात जाण्यापूर्वी घरी मोजपट्टी हाती घ्यावी.

आपल्या पिढीचा एक गोंधळ आधी दूर करायला हवा. आपल्या तरुणपणी 22 इंची किंवा 24 इंची सायकल म्हटले की ते माप सांगाड्याचे असे. चाके बहुधा 28 इंचांची असत. आज मुलांच्या सायकलीचे 20, 24, 26 हे आकडे चाकाच्या व्यासाचे असतात. त्यामुळे आपण चालवलेली 24 इंची आणि दुकानदार दाखवतो ती 24 इंची या दोन अगदी निराळ्या सायकली आहेत. आपण मधल्या दांड्याखालून पाय घालून, हाफ पायडल मारत मोठ्यांच्या सायकलीवर शिकलो हे खरे. पण तेव्हाच्या रस्त्यांवर आजच्याइतकी वाहने नव्हती.

ढोबळ मानाने 120 ते 135 सेंटिमीटर उंचीच्या मुलाला 20 इंची, 135 ते 150 सेंटिमीटरपर्यंत 24 इंची आणि त्याहून उंच मुलाला 26 इंची चाकाची सायकल चालते. मात्र चाक सारखे असूनही सांगाडा लहानमोठा असू शकतो आणि एकाच वयाच्या दोन मुलांचे पाय सारखे लांब नसतात. म्हणून खरे माप पायाचे घ्यावे. मुलाला अनवाणी, भिंतीला पाठ टेकवून उभे करावे. दोन्ही पायांच्या मध्ये एक वही आडवी धरून ती हलकेच वर, जांघेपर्यंत सरकवावी आणि जमिनीपासून वहीच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. हा आकडा कागदावर लिहून दुकानात न्यावा.

मूल सोबत असल्याशिवाय खरेदी करू नये. सायकलीच्या मधल्या दांड्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून ते उभे राहिले, की दांडा आणि जांघ यांत निदान दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा हवी. नवशिक्या मुलाचे दोन्ही तळवे सीटवर बसल्यावर जमिनीला पूर्ण टेकावेत. सराईत मुलाचे चवडे टेकले तरी पुरे. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला असावा. हँडल पूर्ण वळवले तरी ते गुडघ्याला लागू नये. शेवटी मुलाला ब्रेक दाबायला सांगावे. ओढाताण न करता तो दाबता आला पाहिजे. अनेक सायकलींना ब्रेकचा खटका जवळ आणणारा छोटा स्क्रू असतो. तो दुकानदाराकडून तेथेच नीट लावून घ्यावा. सीटच्या दांड्यावर मर्यादेची खूण कोरलेली असते, त्यापलीकडे सीट कधीही वर काढू नये.

आता प्रकाराविषयी. मुलांना जाड टायरांच्या, स्प्रिंगा लावलेल्या सायकलींचे आकर्षण असते. स्वस्त सायकलीतील स्प्रिंगांनी वजन वाढते, उपयोग थोडाच होतो. शाळा, शिकवणी आणि मैदान यांसाठी साधा सांगाडा, मध्यम रुंदीचे टायर, मडगार्ड आणि चेनकव्हर असलेली सायकल उत्तम. ओढणी किंवा पायजमा चेनमध्ये अडकत नाही. दप्तर पाठीवर घेण्यापेक्षा कॅरिअरवर घट्ट बांधणे बरे. वस्ती सपाट असेल तर गिअर नसले तरी बिघडत नाही; चढउताराच्या गावात थोडे गिअर उपयोगी पडतात.

मूल अजून शिकलेले नसेल, तर सीट धरून मागे धावण्याचा मोह आजोबांनी टाळावा. पडण्याचा धोका दोघांनाही असतो. सीट खाली करावी आणि दोन्ही पायडली काढून मुलाला मोकळ्या, सपाट जागी पायांनी ढकलत जाऊ द्यावे. तोल साधला की पायडली पुन्हा लावाव्यात. डाव्या पायडलीचा आटा उलटा असतो, म्हणून हे काम माहीतगाराकडून करून घ्यावे. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटे अंतरावर, आडवे बसावे; हनुवटीखालच्या पट्ट्यात एक-दोन बोटेच मावावीत.

मापाची सायकल दोन वर्षांत लहान होईल, हे खरेच. खर्चाची चिंता असल्यास चांगल्या स्थितीतील जुनी सायकल घ्यावी. ब्रेक, टायर आणि चेन जाणकार मिस्त्रीकडून तपासून घ्यावी. लहान झाली की ती धाकट्या भावंडाला किंवा शेजारच्या मुलाला द्यावी. दर सहा महिन्यांनी पायाचे माप पुन्हा घ्यावे आणि त्याप्रमाणे सीट वर करावी. सीट खुणेपर्यंत येऊनही गुडघे फार वाकू लागले, की पुढच्या सायकलीची वेळ झाली असे समजावे.